सरडोबांचं चिंतन

फार पूर्वी, सरडेही प्रवचनं करायचे तेव्हाची गोष्ट. कुंपणावरच्या सरडोबांना आपल्या मेंदूची भारी घमेंड. "विचाराला ना उन्हाची गरज, ना अन्नाची!" असं बजावून ते गार बिळात चिंतनाला बसले.

आठवडाभराने भक्त जमले. सरडोबा म्हणाले, "सृष्टीचं रहस्य असं आहे की..." आणि तिथेच थिजले.

"समाधी लागली!" भक्त म्हणाले.

शिष्या पालीला मात्र गुरू हातचे जाताना दिसले. तिने त्यांना फरफटत उन्हात आणलं आणि तोंडात मुंगळा कोंबला. अंग तापलं, पोटात काही गेलं, तसं सरडोबांना पुढचं वाक्य सुचलं.

"...की विचाराला ना उन्हाची गरज, ना अन्नाची!"

पालीच्या तोंडून नुसतं "चुक् चुक्" निघालं.

"पाल चुकचुकली!" भक्तांनी जमिनीवर बोटं वाजवली. "म्हणजे महाराजांचं खरंच!"