साळूच्या परसातला तांबेरा

एका गावात काळ्या मातीचं एक शेत होतं आणि त्या शेताला चार माणसं होती. एक म्हातारा, एक म्हातारी, त्यांचा कमी बोलणारा मुलगा आणि साळू नावाची सून. शेतात बन्सी गहू पिकायचा. लांब दाण्याचा, उन्हात धरला तर मधासारखा दिसणारा. म्हातारी त्या गव्हाच्या शेवया करायची. हातभर लांब, केसासारख्या बारीक. काठीवर वाळत घातल्या की वाऱ्यानं हलायच्या, पण तुटायच्या नाहीत. आसपास कुणाकडे लग्न निघालं की शेवयांचं सांगायला माणूस आधी म्हातारीच्या दारात यायचा.

त्या गावाची एक रीत होती. काढणीच्या आधी बायका शेतात फिरायच्या आणि सगळ्यांत देखण्या ओंब्या निवडून त्यांची जुडी चुलीवर धुरात टांगायच्या. तेच पुढच्या सालचं बी. जे रोप दिसायला ओबडधोबड ते उपटून बांधावर फेकायचं. बांधावर खपली उगवायची. तीही गव्हाच्याच गोतातली, पण आखूड, काटक, आणि दाण्याला टरफल असं चिकटलेलं की उखळात कांडल्याशिवाय सुटायचं नाही. तिच्याकडे कुणी ढुंकून बघायचं नाही.

एका वर्षी पौषात आभाळ भरून बसलं. आठ दिवस ऊन नाही, आणि सकाळी दव एवढं की चालणाऱ्याचे पाय घोट्यापर्यंत ओले. नवव्या दिवशी म्हातारा शेतातून आला, तर त्याचं पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत तांबडं.

म्हातारी म्हणाली, "अहो, रंगपंचमीला अजून दोन महिने आहेत!"

म्हातारा हसला नाही. म्हणाला, "तांबेरा आलाय."

तांबेरा म्हणजे गव्हाचा रोग. पानावर गंजासारखे ठिपके उठतात, बोट लावलं की तांबडी पूड हाताला लागते. पानाचं सगळं सत्त्व तो खाऊन टाकतो, दाण्याच्या वाट्याला काही येत नाही. त्या वर्षी गहू निघाला तो जिऱ्यासारखा. म्हातारीनं तरी हट्टानं शेवया वळल्या. काठीवर टाकल्या तशा तुटून खाली पडल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. गावातली सात घरं चुली उचलून दूर निघून गेली. "आपलंही काही खरं नाही," म्हातारा म्हणाला.

साळू तेव्हा बांधावर उभी होती. समोर सगळं शिवार तांबडं, आणि तिच्या पायाशी खपली मात्र हिरवीगार. पानावर एक ठिपका नाही.

साळूला वाटलं, हिचा काटकपणा आणि बन्सीचा दाणा एकाच घरात नांदला तर?

परसातल्या भोपळ्याला फळ धरेना तेव्हा तिनं कैकदा नर फूल तोडून मादी फुलाला लावलं होतं. तिच्या आईनं शिकवलेलं. आता तिनं बन्सीची कोवळी ओंबी नखानं उघडून बघितली. आत इवल्याशा घरात नराचे तीन केसर आणि मादीचं पिसासारखं टोक, दार लावून एकत्रच बसलेले. 'म्हणजे ह्यांचं लग्न घरातल्या घरातच लागतं,' ती मनाशी म्हणाली. 'बाहेरचा सोयरा आत जायचा कसा?'

मग तिनं बाभळीचा काटा घेतला. डोळ्यांत तेल घालून एकेक फूल उघडलं आणि केसर पिकायच्या आधीच काढून टाकले. चाळीस फुलं केली. ओंब्यांना जुन्या लुगड्याची चिंधी बांधली, म्हणजे वारा दुसऱ्या कुणाला आत आणायला नको. दोन दिवसांनी खपलीची फुललेली ओंबी आणून तिची पिवळी धूळ त्या फुलांवर झटकली.

शेजारीण कुंपणावरून बघत होती. "काय गं साळू, गव्हाचं लगीन लावतेस? वाजंत्री कुठाय?"

"वाजंत्री तुम्हीच की, काकू," साळू म्हणाली. "संध्याकाळपर्यंत गावभर वाजेल."

म्हातारीला मात्र राग आला. "माझ्या बन्सीला बांधावरचा नवरा? अगं, कुणी स्थळं आणत नव्हतं का?"

"आत्याबाई, देखणी स्थळं सगळी तांबेऱ्यानं नेली," साळू म्हणाली.

चाळीस फुलांतून अकरा दाणे धरले. सुरकुतलेले, बारके. पुढच्या कार्तिकात परसात पेरले, आठ उगवले. आठही आपले खपलीसारखेच. आखूड, आणि टरफल घट्ट. म्हातारी टाळी वाजवून म्हणाली, "बघ! उखळ काढ आता."

"थांबा ना, आत्याबाई. आजोबाचं नाक कधी कधी एकदम नातवाच्या तोंडावर उगवतं."

आणि झालंही तसंच. त्या आठांचे दाणे चारशेच्या वर निघाले. ते परसात पेरले, आणि काय सांगावं! एक उंच, एक बुटकं. एकाची ओंबी लांब, एकाची वाकडी. कुणाचं टरफल घट्ट, कुणाचं सैल. एका आईची लेकरं असून एकाचा चेहरा दुसऱ्याला नाही. म्हातारी रोज सकाळी परसात जाऊन उभी राहू लागली. रागही विसरली.

पण इथंच साळूची चूक झाली. तिचा जीव जडला रोपांवर. तिनं परसाला कुडाचा आडोसा केला. रोज पहाटे फडक्यानं पानांवरचं दव टिपलं. कुठं तांबडा ठिपका दिसला की ते पान खुडून जाळलं. रोपं अशी तरारली की शेजारणीलाही बोलायला काही उरलं नाही. काढणीला म्हातारीनं रीतीप्रमाणं वीस देखण्या रोपांच्या ओंब्या निवडून चुलीवर टांगल्या. बाकीच्या सगळ्या ओबडधोबड ओंब्या साळूनं एका मडक्यात घालून ठेवल्या. टाकवेना म्हणून.

म्हाताऱ्यानं मोठ्या आशेनं ते देखणं बी शेतात पेरलं. पौषात आभाळ आलं, दव आलं, आणि तांबेरा आला. सगळा पट्टा तांबडा झाला.

 म्हाताऱ्यानं गाडी बाहेर काढली आणि चाकांना वंगण घालायला बसला. "आणखी एक फाल्गुन बघतो," तो म्हणाला. "नाही जमलं तर चूल गाडीत. माझ्या मेव्हण्याच्या गावी राहायला जागा आहे."

म्हातारी आत जाऊन शेवयांचा पाट पदरानं पुसत राहिली. त्या गावात शेत मिळणार नव्हतं. मेव्हण्याच्या दारात ती कुणाच्या गव्हाच्या शेवया करणार होती?

साळूला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, मी त्यांना जपलं, पण ओळखलं नाही. कोण तगणारं आणि कोण पडणारं, ते मीच फडक्यानं पुसून टाकलं. आणि आपण देखणी तेवढी निवडली. देखणी तीच, जी बन्सीच्या वळणावर गेलेली. बांधावरच्याचा गुण घेतलेली मडक्यात राहिली."

"मग आता?"

"मडकं काढते. पण ह्या खेपेला आडोसा नाही."

पुढच्या कार्तिकात तिनं मडक्यातल्या ओंब्यांचा एकेक दाणा परसात पेरला आणि दर दोन ओळींमध्ये एक ओळ जुन्या, रोगाला लगेच बळी पडणाऱ्या बन्सीची पेरली. पौष लागला तसं शेजाऱ्यांच्या शेतातून तांबेऱ्यानं भरलेलं काड भारेच्या भारे आणून तिनं परसात झटकलं. दव कमी पडलं त्या सकाळी साळूचा नवरा घागरीनं पाणी आणून पानांवर शिंपडायचा. एका शब्दानं विचारलं नाही त्यानं, पण दमलाही नाही.

गावात बोभाटा झाला. साळूनं तांबेरा पाळलाय! दहा-बारा माणसं घेऊन पाटील दारात आले.

"सूनबाई, लोक रोगाला गावाबाहेर काढतात, आणि तू घरात घेतेस?"

साळू पुढं झाली, पण तिच्याआधी म्हातारीच उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. "पाटील, तुमच्या शेतात तांबेरा आहे का नाही?"

"आहे."

"बोलावला होता का?"

"नाही."

"न बोलावता येतो तो सगळं नेतो. माझ्या सुनेनं बोलावलाय तो कामाला. राबवून घेईल आणि काढून टाकेल. तुमच्या शेतात ह्याहून जास्त काय होणार आहे? आणि झालं तर गाडीला वंगण घातलेलंच आहे, आम्ही जातो."

पाटलांनी धोतराचा सोगा झटकला, तर तोही तांबडाच होता. ते माणसं घेऊन परतले.

परसात मग हाहाकार उडाला. ओळीमागून ओळ तांबडी पडली. म्हातारीला एक लांब ओंबीचं रोप फार आवडायचं. ते पडलं तेव्हा तिनं साळूचा हात घट्ट धरला. "आता तरी पान खुड गं!" साळूच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं हात मागं घेतला. "नाही, आत्याबाई."

माघ सरता सरता नऊ रोपं हिरवी उरली. तीनशेच्या वर गेली, नऊ उरली. त्यातल्या आठांचं टरफल घट्ट. नववं रोप कोपऱ्यातलं. मध्यम उंचीचं, ओंबी एका अंगाला वाकडी. दिसायला असं की रीतीप्रमाणं ते बांधावरच गेलं असतं. साळूनं त्याची पिकली ओंबी तळव्यावर चोळली, फुंकर मारली. टरफल उडून गेलं. तळव्यावर लांब, मधाच्या रंगाचे दाणे.

म्हातारा बघत होता. "एक रोप," तो म्हणाला. "एका रोपावर चार माणसांनी थांबायचं?"

म्हातारी म्हणाली, "आपल्या घरात तरी सून एकच आली ना? घर भरलंच की."

 म्हाताऱ्यानं गाडीचं एक चाक काढून भिंतीला टेकवून ठेवलं.

त्या एका रोपाचे दोनशे दाणे पुन्हा परसात गेले, पुन्हा तांबेऱ्याच्या शेजारी. ह्या खेपेला साळूनं पाणीही दोनच वेळा दिलं. म्हणाली, "तहान सोसतो का, तेही कळू दे." काही पडले, काही वाळले, बाकीचे उभे राहिले. उभ्या राहिलेल्यांचं बी पुढच्या वर्षी शेताच्या एका पट्ट्यात आणि त्याच्या पुढच्या वर्षी सगळ्या शेतात पडलं. त्या साली विहिरीला पाणी कमी, पौषात आभाळ, माघात तांबेरा. सगळं जोडीनंच आलं. म्हातारा शेतातून घरी आला, तर धोतर पांढरंशुभ्र.

"काय हो," म्हातारी म्हणाली, "शेतात गेलाच नव्हता वाटतं?"

ह्या वेळी म्हातारा हसला. इतका हसला की खाली बसला.

बातमी ऐकून पाटील आले. ओशाळले होते. साळूनं त्यांना सूपभर बी दिलं. सगळ्या गावाला दिलं, पण एक अट घातली. "दर वर्षी प्रत्येकानं शेताच्या कडेला एक ओळ अशी पेरायची की तिला जपायचं नाही. तांबेरा रूप बदलून पुन्हा आला, तर आधी त्या ओळीत दिसेल." त्या आठ घट्ट टरफलवाल्यांचं बीसुद्धा तिनं मडक्यात जपून ठेवलं. पुढं कोणता रोग येईल आणि कोण उपयोगी पडेल, कुणी सांगावं?

मग म्हाताऱ्यानं चाक पुन्हा गाडीला बसवलं. वंगण तेच होतं. पण गाडीत चूल नव्हती, बियाण्याची पोती होती. दूर गेलेल्या सात घरांच्या दारात ती गाडी जाऊन उभी राहिली, आणि परत येताना तिच्यामागून सात गाड्या आल्या.

ते लोक गावात शिरले तेव्हा म्हातारीच्या अंगणात काठ्यांवर शेवया वाळत होत्या. हातभर लांब, मधाच्या रंगाच्या. वारा सुटला होता. शेवया हलत होत्या, पण एकही तुटत नव्हती.

तात्पर्य: नुसतं जपल्यानं बी कळत नाही, कसाला लावल्यावर कळतं; आणि जे कसाला उतरतं ते देखणं नसलं तरी तेच पेरावं.