झुंबराई आणि तव्याच्या माळावरचे हात

फार मागची गोष्ट. किती मागची, ते कुणी मोजलेलं नाही. कुसळवाडीच्या उगवतीला तव्याचा माळ पसरलाय, तो तेव्हाही असाच होता. झाड नाही, ओढा नाही, नुसता काळा खडक आणि त्यावर थरथरणारं ऊन. पाखरूसुद्धा त्या माळाला वळसा घालून जायचं, असं म्हणतात.

वाडीच्या कडेला धनगरांची वस्ती होती. तिथं झुंबरा नावाची बाई राहायची. नवरा तरणाच गेलेला, मूलबाळ नाही. मेंढरं राखायची, लोकर कातायची. बोलणं कमी, पण एकदा बोलली की त्या शब्दावरून हलायची नाही.

एका वर्षी पाऊस पडला नाही. दुसऱ्या वर्षीही पडला नाही. वाडीला एकच डोह होता, तो आटत आटत परातीएवढा उरला. तेव्हा वाडीचा कारभारी शिदोजी डोहाच्या काठावर उभा राहिला आणि धनगरांना म्हणाला, "तुम्ही बाहेरून आलेली माणसं. जिथून आलात तिथं जा. हे पाणी इथल्यांचं आहे."

बायांनी घागरी खाली ठेवल्या. झुंबरा तेवढी पुढे झाली.

"आबा, आमी कुठनं आलेलो न्हाई. आमच्या वाडवडलांचं हात माळातल्या खडकावर उमटलेलं हायेत."

"कुणी पाहिलेत?"

कुणीच पाहिले नव्हते. सासूनं मरताना झुंबराला एवढंच सांगितलं होतं, की भर दुपारी जिथली सावली मरत नाही, तिथं ते हात आहेत. सासूलाही ते तिच्या सासूनं सांगितलेलं.

शिदोजी हसला. "हात दाखव, मग पाण्याचं बोलू."

"दावते. पर मी येईस्तोवर आमच्या घागरी भरू द्या."

"घागरी तोवर तशाच राहतील. आणि तू कुठंतरी दगडाआड बसशील, पाहिले म्हणून सांगशील. मी स्वतः येणार तुझ्याबरोबर."

"या की," झुंबरा म्हणाली. "तुमचं पाणी मातुर तुमीच घ्या."

तिनं भाकरी बांधल्या, पाण्याचा तुंबा खांद्याला अडकवला, घोंगडी घेतली आणि ती माळाला लागली. मागून शिदोजी. माळावर वाट नव्हतीच. खडक असा तापायचा की वहाणांचं कातडं वळायचं. झुंबरा सकाळभर चालायची आणि सूर्य डोक्यावर आला की एखाद्या उंच धोंड्यावर चढून चहूकडे बघायची. त्या वेळी माळावरच्या सगळ्या सावल्या आपापल्या दगडाखाली शिरलेल्या असायच्या. कुठं काळी रेघ उरलीय का, एवढंच ती शोधायची. दिसली नाही की उतरायची आणि पुढे चालायची.

शिदोजीचं पाणी लवकर संपलं. झुंबरानं आपला तुंबा त्याच्यापुढे धरला. तो प्याला, आणि मग दगडावर बसून राहिला.

"झुंबरे, माघारी फिर. तू लई चाललीस, हे मी डोहावर सगळ्यांसमोर सांगेन. तुझी घागर भरू देईन."

"एकटीचीच?"

"एकटीची."

झुंबरानं तुंब्याला बूच लावलं आणि ती उठली. तिला तहान लागली नव्हती असं नाही. जीभ टाळूला चिकटली होती, पायांना फोड आले होते. पण डोहाच्या काठावर खाली ठेवलेल्या त्या घागरी तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

पुढे शिदोजी कोसळला. झुंबरानं काठीच्या आधारानं त्याच्यावर घोंगडी ताणली, उरलेलं पाणी त्याच्या उशाशी ठेवलं आणि ती एकटी निघाली. सूर्य माथ्यावर आला. ती धोंड्यावर चढली. आणि लांब, त्या झगझगणाऱ्या माळात, तिला काजळाच्या बोटासारखी एक काळी रेघ दिसली.

ती कातळाची कपार होती. पावसात माणसांनी अंगावर घोंगडी ओढावी तसा खडक पुढे झुकलेला. आत गारवा होता, फटीतून थेंब थेंब पाणी ठिबकत होतं. आणि भिंतभर हात होते! गेरूसारखे लाल. थोरांचे, बायांचे, तान्ह्या लेकरांचे. मध्ये उड्या मारणारी हरणं आणि हातात हात घालून नाचणारी माणसं. झुंबरानं आपला तळवा एका हातावर टेकवला. तो जसाच्या तसा बसला. खडक गार होता, पण तो ठसा जिवंत माणसाच्या हातासारखा उबदार लागला, असं म्हणतात.

तिथं तिला पोटभर रडायचं होतं. पण माळावर शिदोजी पडला होता. ती पाणी प्याली आणि लगोलग मागे फिरली.

एवढा दांडगा गडी तिनं पाठीवर घेतला. आजारी कोकरू आणावं तसा त्याला घेऊन ती कपारीकडे निघाली. वाटेत ती गुडघ्यावर आली. तेव्हा कपारीतली सावली आपली जागा सोडून माळावर पसरत गेली आणि तिनं दोघांना पोटाशी घेतलं, असं म्हणतात.

कपारीत ओठांना पाणी लागल्यावर शिदोजीनं डोळे उघडले. कितीतरी वेळ तो भिंतीकडे बघत राहिला. मग उठला आणि कुणी न सांगता त्यानं आपला हात एका ठशावर ठेवला. त्याचाही हात बसला. त्यानं झटक्यानं मागे घेतला, पुन्हा ठेवला.

"हा कुणाचा गं?" त्यानं विचारलं.

"मला काय ठावं, आबा. पर माझ्या हाताच्या शेजारचाच हाय."

शिदोजी खाली बसला. डोक्यावरचं मुंडासं काढून त्यानं मांडीवर ठेवलं. "मी तुला या माळावर मरायला धाडलं होतं," तो म्हणाला.

"जाऊ द्या. निघायचं बगा. तिकडं घागरी खोळंबल्या असतील."

वाडीत आल्यावर शिदोजीनं डोहावर माणसं गोळा केली, आणि पहिली घागर त्यानं स्वतः धनगरांच्या एका बाईच्या डोक्यावर चढवली. त्या वर्षी डोह परातीएवढाच राहिला, पण पाऊस येईपर्यंत काही आटला नाही, असं म्हणतात.

झुंबरा म्हातारी होईपर्यंत माळावर जात राहिली. जाताना दगडावर दगड ठेवून वाट दाखवायची. एकदा गेली ती परतली नाही. लोक शोधत गेले. कपारीत कुणी नव्हतं. भिंतीवर एक हात वाढलाय असं काही म्हणाले, पण कोणता, यावर अजून एकमत नाही.

आता चैत्रात वाडी आणि वस्ती मिळून त्या वाटेनं जाते. ज्याचा त्याचा एक दगड रचायचा. कपारीत कुणी भिंतीला हात लावत नाही. तळवा समोर धरायचा आणि झुंबराईचं नाव घ्यायचं. आणि कुसळवाडीच्या डोहावर एक रीत आहे. कितीही टंचाई असो, जो माणूस गावात सगळ्यात शेवटी आला, पहिली घागर त्याची. तो कोण, कुठला, हे घागर भरून होईपर्यंत कुणी विचारत नाही.