कासवाचा पाट

बेडकांच्या लग्नाला अख्खं रान लोटायचं, त्या काळची गोष्ट. एका तळ्यात एक कासव राहायचं. त्याला सगळे धोंड्या म्हणत आणि येताजाता त्याच्या पाठीवर बसत. बगळा तर तिच्यावर मासे आपटायचा. कासव म्हणायचं, "असू दे, आपलेच आहेत."

एकदा बेडकीणबाईंच्या लेकाचं लग्न निघालं आणि कासवाला चक्क आमंत्रण आलं! आयुष्यातलं पहिलंच! त्यानं पाठ घासून लख्ख केली, आहेराचं कमळ तोंडात धरलं आणि उजाडताच निघालं.

मांडवात पंगत बसत होती. बेडकीणबाई धावत आल्या. "आलास का धोंड्या! नवरदेवाला पाटच मिळेना बघ. बैस तिथे पोट टेकून!" नवरदेवानं उडीसाठी पाय दुमडलेसुद्धा.

कासवानं कमळ खाली ठेवलं. आता नाही म्हटलं तर पुन्हा कोण बोलावणार? तरी ते चांगलं मोठ्यानं बोललं, "बेडकीणबाई, मी जेवायला आलोय. माझा पाट कुठाय?"

ढोल थांबला. बगळ्याची चोच उघडीच राहिली. "अगं बाई, खरंच की!" म्हणत बेडकीणबाईंनी कमळाचं पान ओढत आणलं आणि नवरदेवाशेजारी मांडलं. कासव ऐटीत बसलं आणि आग्रह होईल तितकं जेवलं!

दुसऱ्या दिवशी बगळा मासा घेऊन आला आणि काठावरच थबकला.

"धोंडूराव, जरा बसू का?"

"आज नको," कासव डोळे मिटून म्हणालं. "पाठीवर ऊन पडलंय. आजवर कधी लागलंच नव्हतं."