डोंगर उतरून आलेला दवाखाना

येसूच्या पायांना म्हणून चैन नव्हती. घरात-अंगणात, अंगणात-घरात! आणि कशी असेल हो? आत आईला धाप लागली होती. चार शब्द बोलली की थांबायची, दोन भांडी विसळली की बसायची. घरात दोघीच, आणि येसू अवघी सात वर्षांची.

धापेवर औषध नव्हतं असं नाही. राजाने मोठ्या मायेने दवाखाना बांधला होता, मोत्यासारखा शुभ्र, निळ्या निळ्या कौलांचा. पण कुठे? डोंगराच्या माथ्यावर, तीनशे पायऱ्या चढून! आणि रोग्याला तपासल्याशिवाय वैद्यबुवा औषध देत नसत. आता तुम्हीच सांगा, जिला दम लागतो तिने तीनशे पायऱ्या चढायच्या कशा? मला तर अजून राग येतो. आई दोनदा तिसाव्या पायरीवरून परत आली होती.

त्या दुपारी येसू आईसाठी तांब्याभर पाणी घेऊन बागेतून धावत होती. वाटेत चिनी गुलाबाचं इवलंसं रोप मान टाकून पडलं होतं. "अगं बाई, तहान लागली होय तुला?" म्हणत तिने अर्धा तांब्या ओतला. तर काय! गुलाबी गुलाबी फूल उमललं आणि त्यातून करंगळीएवढी परी उभी राहिली. तिचे जांभळे पंख चमचम चमकत होते.

"तीन वर माग, बाळ," परी म्हणाली. "पण स्वतःसाठी मागायचं नाही. दिलेलं परत घेता येत नाही. आणि ऊन कललं की हे फूल मिटतं. ते मिटलं की मी गेले."

ऊन तर कलायला लागलंच होतं! "पायऱ्यांवर आईला ठेचा लागतात," येसू घाईघाईने म्हणाली, "त्या गुळगुळीत सोन्याच्या कर!"

झाल्या की! लखलख, लखलख! आईने हौसेने पाऊल ठेवलं आणि सर्रकन घसरली. येसूने धरलं म्हणून वाचली.

येसू पुन्हा बागेत. दोन पाकळ्या मिटल्या होत्या. "उडता मेणा दे, मोरपिशी मखमली पडद्यांचा!"

आई मेण्यात बसली, पडदे मिटले, मेणा उडाला. आणि आतून आवाज आला, "कोंडतंय गं... उतरव!"

मेणा खाली येताच येसूला रडूच कोसळलं. "एकच वर उरलाय! आता काय मागू? शिडी मागू? घोडा मागू?" पाय नुसते थयथय नाचत होते.

आईने श्वास जुळवला. "येसू... मला विचारलंस का... एकदा तरी?"

येसूचे पाय जागच्या जागी थांबले. "नाही गं आई. सांग, तुला काय हवं?"

"मला वर... जायचंच नाही. औषध इथे... दारापुढच्या चिंचेखाली मिळू दे. दुपारी. तेव्हा साऱ्यांची कामं... आटोपतात. आणि पाठ टेकायला काहीतरी. आडवं झालं की... दम वाढतो."

एकेक शब्द घोकत येसू धावली. एकच पाकळी उघडी होती, तीही परीने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती! येसूने सगळं भडाभडा सांगितलं.

"हे कुणी सांगितलं?"

"आईनं. मी विचारलं तिला."

"शाब्बास गं माझी चिमणी!"

आणि डोंगरावरचा दवाखाना उठला, डुलत डुलत खाली आला आणि चिंचेखाली ऐसपैस बसला. आतून वैद्यबुवा पगडी सावरत बाहेर आले.

"बाई, तुम्ही राहता कुठे?" त्यांनी आईला विचारलं.

"ही काय... समोरच."

"मग इतके दिवस आला का नाहीत?"

आईने डोंगराकडे बोट दाखवलं. वैद्यबुवांनी मान वर केली. तीनशे पायऱ्या ते पहिल्यांदाच खालून बघत होते. ते ओशाळले. पाठीची खुर्ची त्यांनी स्वतः उचलून आणली, तपासलं आणि औषध आईच्या हातात दिलं.

हळूहळू आईचा श्वास मोकळा झाला. तेवढ्यात आळीतली पोरं सोन्याच्या पायऱ्यांवरून सूंऽऽ करत घसरत आली, आणि आई हसली. मध्ये न थांबता, पोटभर हसली!

ते हसू बागेत पोचलं तेव्हा कुठे परीने पाकळी सोडली. गुलाबी उजेडाचा एक झोत चिंचेवरून गेला आणि विरून गेला. येसूने तो आईच्या मांडीवरून पाहिला. तिचे पाय अगदी स्वस्थ होते.