तंबोरा : शंभूबुवा

"शंभरांत कितवा म्हणालास?"

"एकेचाळिसावा, बुवा."

"आणि आधीचे चाळीस कोण?"

"जाझवाले आहेत, रॉकवाले आहेत. डोळे मिटून ऐकायचं ध्यानाचं संगीत करणारे आहेत. आफ्रिकेतला एक म्हातारा वादकही आहे. सगळ्या जगातले गाजलेले अल्बम, बुवा. आणि त्यांत आपला 'ओल'."

मिरजेतली ती खोली लहान होती आणि उदयन हेर्लेकरचं नाव मोठं होतं. गिटार घेऊन तो निम्मं जग फिरला होता. पण सूर शिकला तो याच सतरंजीवर, शंभूबुवा कोडोलीकरांसमोर बसून.

बुवांनी परदेशी मासिक डोळ्यांजवळ धरलं. यादी पाहिली. मग मागची घड्याळाची जाहिरातही तितक्याच लक्षपूर्वक पाहिली.

"छपाई चांगली करतात," ते म्हणाले.

उदयननं मासिकाची गुंडाळी केली, उलगडली, परत केली.

"बुवा, एक सांगायचंय. पंचवीस वर्षं राहून गेलंय."

"मग सांग की."

"'ओल'मध्ये तुमचा तंबोरा नाही."

...

"तुम्हाला मुंबईला नेलं. दिवसभर स्टुडिओत बसवलं. आणि तुम्ही परतीच्या गाडीत बसलात तसा मी तो काढून टाकला. गिटारच्या आड येतोय, असं वाटलं मला. त्या जागी विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी लावली. कव्हरवर नाव मात्र तुमचंच ठेवलं. आता नवी आवृत्ती निघतेय. म्हटलं, आतातरी तुम्हाला परत आत घेऊ. जुनी टेप शोधून काढली, तर तिला बुरशी. काही उरलेलं नाही, बुवा."

बुवांनी त्याच्या हातातली मासिकाची गुंडाळी काढून बाजूला ठेवली.

"तुम्हाला राग नाही आला?"

"कधीचा विचारतोस? तबकडी आली त्याच दिवशी कळलं मला. पेटी दम खात नाही रे. माणूस खातो."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं उदयनला झालं. दर गुरुपौर्णिमेला तो या माणसाच्या पाया पडायला येत होता. आणि हा माणूस सगळं माहीत असून त्याच्या पाठीवर हात ठेवत होता.

"मग बोलला का नाहीत?"

बुवा सावकाश उठले. कपाटातून 'ओल'ची तबकडी काढली. कव्हरच्या कडा झिजून मऊ पडल्या होत्या. मग त्यांनी कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची गवसणी उतरवली.

"पहिल्या दिवसानंतर मी ती नुसती कधी ऐकलीच नाही. तबकडी लावायची आणि सोबत हा छेडायचा. या खोलीत तुझ्या अल्बममध्ये तंबोरा आहे."

"मग आजही तुम्ही सोबत छेडता..."

बुवांनी उजवा हात पुढे केला. बोटं सांध्यांत वाकली होती.

"दोन वर्षं झाली. तेव्हापासून तबकडी लावली नाही."

"सकाळी मुली येतात ना शिकायला? त्यांच्यातली एखादी..."

"तिला काय सांगू? कव्हरवर तंबोरा लिहिलाय, मग वरून आणखी तंबोरा कशाला?"

उदयन रडला. बावन्न वर्षांचा बाप्या, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. बुवांनी त्याला रडू दिलं, आणि मग तंबोरा त्याच्या हाती दिला.

त्यानं तार छेडली. कर्कश वाजली. गिटारसाठी उजव्या हाताची नखं वाढवलेली होती, रोज घासूनपुसून जपलेली.

बुवांनी फळीवरचं नेलकटर आणून त्याच्यापुढे ठेवलं.

"बुवा, रविवारी पुण्याला कार्यक्रम आहे. नखांशिवाय मी..."

बुवांनी नेलकटर आणखी थोडं पुढे सरकवलं.

...

आधी मधल्या बोटाचं नख कापलं. मग तर्जनीचं.

बुवांनी सुई टेकवली. स्वतःचीच गिटार वाजायला लागली, आणि पहिल्या दोन मिनिटांतच उदयनला कळलं की तिथे आपण किती घाई केली होती. तो छेडत राहिला. चार तारा, पुन्हा त्याच चार तारा. हात काहीतरी वेगळं करायला शिवशिवत होता. त्यानं करू दिलं नाही. बोटांची अग्रं चुरचुरायला लागली, तरी तो थांबला नाही. बुवा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते.

बाजू संपली. सुई आतल्या कडेला खरखरत राहिली.

उदयननं तंबोरा अलगद आडवा ठेवला. दोन्ही बोटं लाल झाली होती.

"बुवा... माफ केलंत मला?"

बुवांनी डोळे उघडले.

"तबकडी उलटी कर," ते म्हणाले. "दुसरी बाजू राहिलीय."