तांबडमाळच्या पाळकघराची वळलेली भिंत

नगरकडच्या तांबडमाळला चर्चशेजारी काळ्या दगडाचं जुनं पाळकघर आहे, त्याची पश्चिमेची भिंत नीट बघा. टोकदार कमानी, चारी बाजूंनी पडवी, दीड हात जाड भिंती, सगळं कसं ओळंब्यात. फक्त ही एक भिंत कोपऱ्यापासून सरळ येते, मध्येच आत वळते आणि विहिरीला अर्धा वेढा घालून पुन्हा आपल्या रेषेला लागते. त्यापायी आतली बैठकीची खोली गेली ती गेलीच, उरली नुसती बोळवजा जागा. शहरातले इंजिनिअर येतात आणि म्हणतात, गवंड्याचं चुकलं. चुकलं खरं, पण ते म्हणतात ती चूक नव्हे.

असं सांगतात, की हे घर लाजर गवंड्यानं बांधायला घेतलं. तोवर ख्रिस्ती वाड्यातल्या माणसांनी रस्त्याची खडी फोडायची आणि घडीव दगड लावायचा तो गावच्या गवंड्यांनी, अशी रीत. पाळक योनाथान पाटोळ्यांनी काम वाड्यातल्याच लाजरला दिलं तेव्हा गाव हसलं. हसण्यानं लाजर पेटला. भर प्रार्थनेत उभं राहून त्यानं देवापुढे शब्द दिला, की ईस्टरला पाळक नव्या घरात जेवतील, आणि माझी भिंत बोटभर जरी कलली तर पुन्हा थापी हातात धरणार नाही.

पाया खणताना पश्चिमेला पाझर लागला. गवंडी माणसाला पायातलं पाणी म्हणजे वैरीच. माणसं भाकरीला बसलेली बघून लाजरनं पाझरात मुरूम-दगड लोटले, वर चुना चोपला आणि भिंत चढवली. आठ दिवसांनी ओळंबा सोडला, तर भिंत बोटभर कललेली! त्यानं ती गुपचूप उकलली, पुन्हा रचली. पुन्हा तेच.

एका दुपारी त्याची बायको सगुणाबाई भाकरी घेऊन आली, पण पाण्याचा तांब्या रिकामा. वाड्यातल्या बायांनी गावच्या विहिरीच्या दोराला हात लावायचा नव्हता. खाली घागर घेऊन उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर तो वरून ओतील ते पाणी घरी न्यायचं.

"आज कोरडीच खावा," ती म्हणाली. "सकाळधरनं हुबी व्हते. कुणी वतलंच न्हाई."

लाजरनं हातातली भाकरी खाली ठेवली. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"सगुणा, पाणी हाये," तो म्हणाला. "ह्या भितीखाली. म्याच गाडलंय."

"मंग बसलायसा काय? उकरा की!"

"भित कलली व्हती ते बी सांगावं लागंल. थापी जाईल माझी."

"जाऊ द्या. थापी काय पाणी पाजती व्हय?"

लाजर उठला आणि पाळकांना सगळं सांगून मोकळा झाला. पाळक म्हणे एवढंच बोलले, "बैठक जाऊ दे माझी. घर विहिरीला वळसा घालील." गावचे गवंडी मजा बघायला जमले होते. त्यांच्यासमोर लाजरनं पहार घेऊन आपली भिंत आपल्या हातानं पाडली. दोन माणसांच्या उंचीइतकं खोल खणल्यावर पाण्याचा झराच फुटला.

शब्द म्हणजे शब्द. लाजरनं थापी पाळकांच्या टेबलावर ठेवली ती कायमची. वळणाची भिंत रचली खडी फोडणाऱ्या सात जणांनी, आणि लाजर हात मागे बांधून शिव्या घालत उभा. जित्याची खोड! पण त्या ईस्टरला पाळक नव्या घरात जेवले आणि वाड्यात एका गवंड्याचे सात झाले.

त्याच चैत्रात गावची विहीर आटली. पाटलाघरची थोरली सून घागर घेऊन ह्या विहिरीकडे आली आणि लांबच उभी राहिली. पुढे यावं की मागे फिरावं, तिला कळेना. सगुणाबाई कट्ट्यावर होती, भरलेला पोहरा तिच्या हातात. आता हिनं वरून ओतावं, सगळ्यांदेखत ओतावं, असं लाजरला फार वाटलं. खोटं कशाला सांगा, वाड्यातल्या प्रत्येकाला वाटलं.

सगुणाबाईनं पोहरा परत विहिरीत सोडला, खाली उतरली आणि दोर त्या सुनेच्या हातात दिला.

"वढा, आक्का. हितं कुणी कुणाला वतत न्हाई."

पाटलाच्या सुनेनं पाणी शेंदलं, आणि शेंदता शेंदता ती रडली म्हणे. लाजरनं मान खाली घातली. आपली बायको आपल्यापेक्षा मोठी आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं.

आता पाळक तिथे राहत नाहीत, मुलींचा शिवणवर्ग भरतो. पण आजही त्या विहिरीवर भांडं पुढे करून उभं राहिलात तर कुणी पाणी ओतणार नाही. नवरी असो, कलेक्टर असो, ज्यानं त्यानं आपल्या हातानं शेंदायचं. लांबून आलात, तहान लागली असेल. हा घ्या दोर.