कोवळ्या पालवीची खोली

आमरायांना अजून कुंपणं नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका आंब्यावर तांबड्या मुंग्या पानं ओढून, शिवून नवं घर बांधत होत्या. त्यांच्यातली सर्वांत म्हातारी सोनकी म्हणाली, "एक खोली कोवळ्या पालवीची करू या. आत उजेड कसा तांबूस येतो. उबदार, आईजवळ झोपल्यासारखा."

"उजेड कधी तांबूस असतो का, आत्या?" मुकादमीण ठकू म्हणाली. "कोवळं पान फाटतं. राणीची पिल्लं उघड्यावर आहेत. जून पानंच ओढा गं!"

सोनकी ज्या घरात वाढली, ते फांदीसकट कधीच तुटून गेलं होतं. तिथला उजेड तिच्या डोळ्यांपुढे लख्ख होता, पण सांगू गेली की शब्द फिके पडत. बाकीच्या हसून कामाला लागत.

मग तिनं सांगणंच सोडलं. वाट्याचं काम उरकून ती रोज शेंड्यावर जाई आणि एकटीच पालवी ओढी. दोन पानं फाटली. पुढची जुळली. चौथ्या दिवशी सकाळी तिनं ठकूला नुसतं आत बोलावलं.

ऊन वर आलं. भिंतींवर, ठकूच्या पायांवर तांबूस उजेड पसरला. तिनं एक पाय उचलून उजेडात धरला.

"पण आत्या," ती हळूच म्हणाली, "पालवी आठ दिवसांत हिरवी होईल. मग हे जाईल."

"जाईल. माझ्या लहानपणीचंही असंच गेलं होतं."

ठकू धडपडत दाराशी आली आणि खाली ओरडली, "अगं, तोंडातली पानं सोडा! पिल्लांना घेऊन वर या, लवकर!"